आमच्या वस्तीतला गमाख: वापरून पाहिलेली सेवा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. वस्तू चांगल्या, भाडं शून्य, वेळा वैताग आणणाऱ्या, माणसं एक अपवाद सोडता उत्तम. इस्रायलमधल्या अश्दोदमध्ये राहत असाल आणि घरात कुणाचं हाड मोडलं, बाळंतपण आलं किंवा लग्न निघालं, तर दुकानात जाण्याआधी आपल्या वस्तीतल्या गमाखात डोकावून या.

ठाण्या-पुण्याकडच्या वाचकांना आता प्रश्न पडला असेल की गमाख म्हणजे काय. वस्तू फुकट वापरायला न्यायची, काम झालं की परत आणून द्यायची, असं हे घरगुती केंद्र. मंडळ म्हणा, भांडार म्हणा. चालवणारे शेजारीपाजारीच असतात आणि पगार कुणालाच नसतो. इस्रायलमध्ये धार्मिक ज्यूंच्या वस्तीत तर कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतील. काही गमाख नुसते पैसे देतात, बिनव्याजी. काहींकडे लग्नाचे पोशाख, काहींकडे घडीच्या खुर्च्या आणि टेबलं, गाद्या, ड्रिल मशीन. रात्री बाळाची चोखणी हरवली आणि दुकानं बंद, अशा वेळेसाठी चोखण्यांचे गमाखसुद्धा आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सून माझी थट्टा करतेय.

मी ज्याबद्दल लिहितेय तो गमाख आमच्या इमारतींच्या मागच्या मिकलातमध्ये आहे. मिकलात म्हणजे रॉकेट पडायला लागली की शिरायचं तळघर. जाड लोखंडी दार, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद, कागदावर फोन नंबर आणि वेळा. पाटी वगैरे काही नाही. आत गेलात की लग्नघरातल्या कोठीसारखा प्रकार: एका भिंतीला कुबड्या, दुसरीला पाळणे, मधोमध खुर्च्यांची चळत, छताला टांगलेली मोठाली भांडी. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकूर आहे, आणि ती माणसं मला रोज बस-थांब्यावर भेटतात.

आमच्या ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी यादी हातात दिली. वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडवर बसवायची उंच बैठक, अंघोळीला स्टूल, खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा. विकत घ्यायला आमची ना नव्हती. पण दोन-तीन महिन्यांनी त्या खुर्चीचं करायचं काय? बाल्कनीत ठेवून तिच्यावर कपडे वाळत घालायचे? हे म्हणाले, गमाखात बघ. मला नको वाटत होतं. अलिबागच्या इस्रायल आळीत वाढलेलं माणूस. आमच्या आईने शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना दीड वाटी द्यायची. फुकट काही घेणं अंगाला लागत नाही आमच्या.

गेले तेव्हा दारात मोरोक्कोकडच्या एक आजी बसलेल्या. ऐंशीच्या आसपास असतील. त्यांनी काय झालं, कुणाला झालं, काही विचारलं नाही. यादी घेतली, चष्मा चढवला आणि विचारलं ते एवढंच: नवऱ्याची उंची किती, वजन किती, बाथरूमचं दार किती रुंद. दाराची रुंदी मला ठाऊक नव्हती. मग घरी फोन करून ह्यांना टेप घेऊन उठवलं. योग्य निघाला प्रश्न, कारण पहिली खुर्ची आमच्या दारातून गेलीच नसती. दुकानातल्या विक्रेत्याने हा प्रश्न विचारला असता असं मला वाटत नाही. त्याला खुर्ची खपवायची असते.

मग अनामत. आमच्याकडे चाकांच्या खुर्चीला चेक मागतात, तारीख न घातलेला. तो डब्यात पडून राहतो आणि खुर्ची परत केली की परत मिळतो. चेक नसेल तर रोख. कुबड्या, चिमटा असल्या लहान वस्तूंना काहीच नाही, नुसतं वहीत नाव. माझ्या पुढे एक बाई होती, तिच्याकडे चेकही नव्हता नि रोखही पुरेशी नव्हती. आजींनी तिला म्हटलं, मोबाइल नंबर लिही आणि ने. बाईने हातातलं घड्याळ काढून पुढे केलं. आजींनी ते तिच्या मनगटावर परत चढवून दिलं आणि पट्टा लावता लावता म्हणाल्या, वेळेवर औषध द्यायला घड्याळ लागेल.

हे आजींनी मनाने केलं असेल, पण त्यामागे जुनं शास्त्र आहे. तोरामध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, गहाणाबद्दल इतके बारीक नियम आहेत की सावकाराने वाचले तर धंदा सोडेल. उसनं दिलंस तर व्याज घेऊ नकोस. गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. जातं गहाण घेऊ नकोस, जात्याची वरची तळीही नको, कारण त्यावर त्याचं पोट आहे. अंगावरची चादर घेतली असशील तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो रात्री काय पांघरेल? इतक्या जुन्या काळी कुणीतरी कर्जदाराच्या दारात धनको कुठे उभा राहील याचा विचार केला, हे मला दर वेळी नवल वाटतं. पैसा द्या, एवढं सांगणारे पुष्कळ. देणाऱ्याने उंबरा ओलांडू नये हे सांगणारे थोडे.

आता अपवाद. संध्याकाळच्या पाळीला एक तरुण असतो. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं म्हणून बदलायला गेले, तर त्याने माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचा मुलगा हायटेकमध्ये आहे ना? विकत का नाही घेत? हे गरजू लोकांसाठी आहे." चार माणसं उभी होती. खुर्ची बदलून दिली त्याने, नाही असं नाही, पण दिली ती जमिनीकडे बघत.

घरी आल्यावर राग शांत व्हायला वेळ लागला. मुद्द्यातही तो चुकलाच होता. गरिबाला पैसे देणं म्हणजे त्सेदाका. गमाख ज्यातून आला ते दुसरं कर्तव्य, त्याला गेमिलुत हसादिम म्हणतात, म्हणजे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणं. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, या दोहोंची सरळ तुलना आहे. त्सेदाका पैशाने होते, ही पैशाने आणि अंगमेहनतीनेही. त्सेदाका गरिबाला, ही गरीब-श्रीमंत दोघांना. त्सेदाका जिवंताला, ही जिवंताला आणि मेलेल्यालाही, कारण प्रेताला खांदा देणं यातच येतं. म्हणून ही मोठी. म्हणजे हायटेकवाल्याच्या आईलाही खुर्ची नेता येते, आणि तसं असल्यामुळेच तिच्या शेजारी उभी असलेली घड्याळवाली बाई गरीब ठरत नाही. रांगेत कोण परवडत नाही म्हणून आलंय आणि कोण बाल्कनीत जागा नाही म्हणून, हे बाहेरून कळत नाही. त्या पोराने एका प्रश्नात ते कळवून टाकलं. आणि चौकशीचं म्हणाल, तर पोटाला मागणाऱ्याची चौकशी करत बसू नये, आधी खायला द्यावं, हा आमच्या पंडितांचा निर्णय जुनाच आहे. कुबडी मागणाऱ्याला वेगळा न्याय कशाला?

लोक परीक्षणाला पाच तारे लावतात. माझ्याकडे त्याहून चांगली पट्टी आहे. मोशे बेन मैमोन, आम्ही ज्यांना रंबाम म्हणतो, हे बाराव्या शतकातले. जन्म स्पेनचा, हयात इजिप्तमध्ये कैरोला गेली, पेशाने वैद्य, आणि धर्मशास्त्रात त्यांचा शब्द आजही चालतो. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्यात. सगळ्यात खालची पायरी आहे तोंड वाकडं करून देणाऱ्याची. ते असंही म्हणतात की आंबट चेहऱ्याने, नजर खाली घालून हजार सोन्याच्या मोहरा दिल्या तरी पुण्य गेलं. संध्याकाळची पाळी इथे. वरच्या पायऱ्या चढत जाल तसा देणाऱ्याचा चेहराच दिसेनासा होतो: मागायच्या आधी देणारा, मग देणारा कोण हे घेणाऱ्याला माहीत नसलेला, मग दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसलेला. जेरुसलेमच्या मंदिरात यासाठी एक खोलीच होती. पापभीरू माणसं गुपचूप आत पैसे ठेवून यायची आणि चांगल्या घरातली अडचणीत आलेली माणसं गुपचूप उचलून न्यायची. आणि अगदी वरच्या पायरीवर रंबाम कुणाला बसवतात? गुप्तदान करणाऱ्याला नाही. जो कर्ज देतो, भागीदारीत घेतो, काम मिळवून देतो, म्हणजे समोरच्याला हात पसरायची वेळच येऊ देत नाही, त्याला.

म्हणून उसनं देणारा गमाख मुळातच वरच्या मजल्यावर सुरू होतो. जिना उतरतो तो चालवणाऱ्यांमुळे.

नाव लपवण्यावरून आठवलं. आमच्या गमाखातल्या प्रत्येक वस्तूवर पट्टी आहे: अमुक यांची मुलगी तमुक, हिच्या आत्म्याच्या शांतीसाठी. वॉकरवर पट्टी, अंघोळीच्या स्टुलावर पट्टी. कमोडच्या बैठकीवरसुद्धा आहे, आणि ती बघून आम्ही दोघं इतके हसलो की ह्यांचे टाके दुखायला लागले. कुठल्या बिचाऱ्या आजीच्या मुलांनी हे स्मारक निवडलं असेल? पण नंतर वाटलं, त्या आजीला शेवटच्या दिवसांत तीच वस्तू सगळ्यात उपयोगी पडली असेल. संगमरवरावर नाव कोरण्यापेक्षा हे खरं. तरी माझं मत असं की पट्ट्या लहान करा. बसणाऱ्याला आपण कुणाच्या उपकारावर बसलोय हे पाठीमागे मोठ्या अक्षरात नको.

वस्तूंच्या दर्जाबद्दल थोडक्यात. वॉकर नवाकोरा. खुर्चीच्या टायरमध्ये हवा, ब्रेक दोन्ही बाजूंनी लागतात, पायदान मात्र जरा ढिलं. दुरुस्ती रशियातून आलेले एक गृहस्थ करतात. तिकडे ते इंजिनिअर होते, इथे आल्यावर त्यांनी काय काय कामं केली ते ते स्वतःच हसत सांगतात. ते हिब्रू कमी बोलतात आणि पाना जास्त चालवतात. आमची बदलून आणलेली खुर्ची त्यांच्या हातून गेली होती आणि तिने शेवटपर्यंत त्रास दिला नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक मुलगी आली होती, वडिलांसाठी खुर्ची न्यायला. होती ती राखाडी, इस्पितळातल्यासारखी. मुलगी म्हणाली, माझे वडील शाळेत मुख्याध्यापक होते, ते यात बसून रस्त्यावर येणार नाहीत. मागे कुणीतरी पुटपुटलं की फुकट ते फुकट, वर रंग हवा. आजींनी मात्र दोन ठिकाणी फोन लावले आणि दुसऱ्या वस्तीतल्या गमाखातून काळी, चामडी हातांची खुर्ची मागवून ठेवली. यालाही आधार आहे. गरिबाला 'त्याला जे कमी पडतंय ते' द्यावं, असं तोरा सांगते. म्हणजे किती? तालमूदमध्ये हिल्लेल या मोठ्या गुरूंची गोष्ट आहे. चांगल्या घराण्यातला एक माणूस दरिद्री झाला, तर हिल्लेलनी त्याला बसायला घोडा आणि पुढे धावायला नोकर दिला, कारण त्याला त्याचीच सवय होती. एक दिवस नोकर मिळाला नाही, तेव्हा तीन मैल हिल्लेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे धावले. लहानपणी मला ही गोष्ट अतिशयोक्ती वाटायची. मुख्याध्यापकांची काळी खुर्ची बघितल्यावर नाही वाटली.

तोट्याची बाजू. वेळा. सकाळी थोडा वेळ, रात्री थोडा वेळ, शुक्रवारी दुपारपासून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपेपर्यंत बंद, सणांना बंद, सणाच्या आदल्या दिवशी नशीब असेल तर चालू. हाड मोडायला मुहूर्त नसतो. दुसरं, चाकांची खुर्ची देणारं केंद्र पायऱ्या उतरून तळघरात! खाली जायला रॅम्प नाही. खुर्ची वर आणायला दोन धडधाकट माणसं सोबत न्या. तिसरं, अर्ज फक्त हिब्रूत; आमच्या पिढीतल्या पुष्कळ मराठी बायकांना बोलता येतं पण भरता येत नाही. चौथं गंभीर आहे. मिकलात रिकामं असायला हवं. सायरन वाजतो तेव्हा पाळण्यांच्या आणि पातेल्यांच्या मधून अंग चोरून बसावं लागतं. युद्ध सुरू झालं तेव्हा सगळं सामान घाईघाईने लोकांच्या घरी आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये हलवलं आणि कुठली वस्तू कुणाकडे हे कितीतरी दिवस कळत नव्हतं. नगरपालिकेने जागा द्यायला हवी, हे मी तोंडावर सांगून आले आहे.

अजून एक. दाराजवळ नाण्यांचा डबा आहे. त्यात टाका म्हणून कुणी सांगत नाही, बोटही दाखवत नाही, हे छानच. पण तो उघडतं कोण? एकच गृहस्थ, आणि सज्जन गृहस्थ. तरी नको. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये गावच्या दानपेटीचा नियम आहे: पैसे गोळा करायला दोघं, वाटायला तिघं. त्या काळी दर शुक्रवारी पेटीतून गरिबांना आठवड्याचा खर्च मिळायचा आणि शिजवलेलं अन्न रोज वेगळं मिळायचं. वसुलीला दोघं असत ते चोरीच्या संशयामुळे नाही. कुणाकडून मागून, प्रसंगी अडवून पैसा घ्यायचा अधिकार एकट्याच्या हातात नको म्हणून. आमच्या डब्यालाही दुसरा हात लावा, इतकंच म्हणणं आहे.

पलंग, ऑक्सिजनचं यंत्र असली मोठी वस्तू हवी असेल तर वस्तीतला गमाख पुरणार नाही. मग याद सारा. ही देशभर पसरलेली संस्था, शंभरावर शाखा, हजारो स्वयंसेवक. सुरुवात अशीच घरगुती. जेरुसलेममधल्या उरी लुपोलियान्स्की नावाच्या तरुण शिक्षकाने आजारी मुलासाठी शेजाऱ्याकडून वाफेचं यंत्र उसनं आणलं, मग स्वतः तशी यंत्रं घेऊन लोकांना उसनी द्यायला लागला आणि १९७६ साली संस्था उभी केली. नाव दिलं नाझींच्या संहारात मारल्या गेलेल्या आजीचं. १९९४ मध्ये संस्थेला इस्रायल पारितोषिक मिळालं. २००३ मध्ये लुपोलियान्स्की जेरुसलेमचे महापौर झाले. आणि मग होलीलँड या गृहप्रकल्पाचं प्रकरण. बिल्डरांच्या बाजूने निर्णय घेण्यासाठी लाच घेतल्याबद्दल २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. पैसे त्यांच्या खिशात गेले नव्हते; देणगी म्हणून याद सारालाच गेले होते. वरच्या न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण तब्येत बघून तुरुंगवासाऐवजी समाजसेवा करायला लावली.

यावर आमच्या घरी जेवताना वाद झाला. मुलगा म्हणाला, ज्या म्हातारीला पलंग मिळाला तिला काय फरक पडतो? मला फरक पडतो. चोरलेल्या वस्तूने मित्स्वा, म्हणजे धर्माचं कर्तव्य, होत नाही, हा नियम आम्ही सणाच्या खजुराच्या झावळीलाही लावतो. लाचेच्या पैशाला का लावू नये? पण हेही खरं की पलंग परत घेऊन चालणार नाही आणि त्या हजारो स्वयंसेवकांनी कुणाचं काही घेतलेलं नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुण्याचं ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय, भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी आणि त्यांच्या मुलांनी मुंबई-पुण्यात केवढं देऊन ठेवलंय. त्यांचा पैसा कापसातून आला तसाच चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला. ससूनमध्ये आजही लोकांचे प्राण वाचतात. मी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवते, एकीने दुसरी पुसत नाही.

बगदादवाल्यांचं देणं मोठं. आम्हा बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, चिल्लर. तेलाच्या घाण्यावरची, मग कारकुनीतली, रेल्वेतली, दवाखान्यातली माणसं आम्ही. शुक्रवारी संध्याकाळी कंदील लावायच्या आधी आई दानाच्या डब्यात पैसे टाकायची, आणि महिनाअखेरीला काही नसेल तर माझ्या हातात पाच पैसे देऊन टाक म्हणायची, पण डबा चुकवायचा नाही. मुंबईला सॅम्युअल स्ट्रीटवरच्या जुन्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो, ही १७९६ची, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली) सणाला गेलो की तोराच्या पोथीचं कपाट उघडायचा मान, तोरा उचलायचा मान यांचा लिलाव व्हायचा. मामा मोठ्याने बोली बोलायचे आणि मग वर्षभर नेदाबा, म्हणजे बोललेली देणगी, फेडत बसायचे. रंबामच्या पट्टीवर हा प्रकार किती खाली जाईल याचा विचार करवत नाही, पण मशिदीचं छप्पर त्यातूनच दुरुस्त व्हायचं. आणि शिक्षणाचं म्हणाल, तर माझगावच्या शाळेत वडिलांची पिढी शिकली. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकर आणि मंडळींनी काढलेली बेने इस्रायलांची शाळा. पुढे शांघाय-हाँगकाँगच्या एली कदुरींनी देणगी दिली आणि शाळा त्यांच्या नावाची झाली. वडिलांनी कदुरींना कधी बघितलं नाही, कदुरींनी वडिलांना नाही. गणित मात्र पक्कं झालं.

खुर्ची परत केली तेव्हा चेक लगेच मिळाला, पट्टीसकट खुर्ची तपासली गेली आणि आजींनी विचारलं, चालतोय का? बस. आभाराचं भाषण करायला लागले तर त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आमच्या धर्मात नियम असा आहे की दानावर जगणाऱ्यानेही दान द्यायचं. दहावा भाग द्यावा, पाचव्या हिश्शापेक्षा जास्त देऊन स्वतः भिकेला लागू नये, ही दोन्ही टोकं बांधलेली, आणि यातून घेणारासुद्धा सुटत नाही. तेव्हा मी काय देऊ? पैसे मुलगा बँकेतून दरमहा देतो, कलम ४६ची पावती घेऊन, करात सूट मिळवून, हुशार आहे. माझ्याकडे होतं पातेलं. मलिद्याला पोहे भिजवायला आणि लग्नाला मटण शिजवायला लागतं तसलं, मुंबईहून बोटीने आलेलं, इथल्या कुठल्याच कपाटात न मावणारं. ते नेऊन दिलं. आजींनी पहिला प्रश्न केला, मांसाचं की दुधाचं? कारण मांसाची आणि दुधाची भांडी आम्ही वेगळी ठेवतो, आणि गमाखातल्या भांड्यांना मांसाची लाल नाही तर दुधाची निळी पट्टी लागल्याशिवाय ती बाहेर जात नाहीत. म्हटलं, आमच्याकडे रस्स्यात नारळाचं दूध असतं, गाईचं नाही, तेव्हा मांसाचं लिहा. मलिद्याला दुसरं, धाकटं पातेलं वेगळं दिलं.

तालमूदमधल्या मार उक्वाच्या बायकोची गोष्ट मला या वेळी आठवली. मार उक्वा रोज एका गरिबाच्या दाराच्या खाचेत चार नाणी टाकून यायचा. एक दिवस तो गरीब, कोण देतंय ते बघायला मागे धावला, तेव्हा त्याला लाज वाटू नये म्हणून नवरा-बायको पळाले आणि नुकत्या विझवलेल्या भट्टीत शिरले. नवऱ्याचे पाय भाजले, बायकोचे नाही. म्हणाली, माझ्या पायांवर पाय ठेव. तो खट्टू झाला, तर तिने कारण सांगितलं: मी घरात असते, गरिबाच्या हातात शिजलेलं अन्न पडतं, तू नाणी देतोस, त्याला ती घेऊन बाजारात जावं लागतं. सगळ्या तालमूदमध्ये इतकं चोख उत्तर दिलेली बाई मला दुसरी आठवत नाही.

तर पट्टीवर माप: सकाळची पाळी आठपैकी सगळ्यात वरच्या पायरीच्या अगदी जवळ, नावाच्या पट्ट्यांमुळे अर्धी पायरी कमी. संध्याकाळची पाळी तळाला. सरासरी काढत नाही, कारण तुम्ही जाल ते एकाच पाळीला. सकाळी जा. दाराचं माप घेऊन जा, चेकबुक न्या, सोबत दणकट भाचा-पुतण्या न्या. फॉर्म भरायला अडलं तर मला सांगा, मी येते. मंगळवारी सकाळी बहुतेक तिथेच असते हल्ली. लाल पट्टीचं पातेलं पेसाखच्या सणापर्यंत आधीच बोललेलं आहे. तळाला पोचा दिसेल, तो तुम्ही पाडलेला नाही, आमच्या थोरल्याच्या लग्नातला आहे, तेव्हा परत करताना घाबरू नका. आणि घासून आणा.